परक्या जहाजावरील गुन्हा आणि किनाऱ्याचा कायदा

जमिनीवरील राज्यांच्या सीमा दगडांनीं, नद्यांनीं किंवा डोंगरांच्या रांगांनीं ठरलेल्या असतात. सीमेच्या अलीकडे गुन्हा घडला तर अलीकडचें न्यायालय, पलीकडे घडला तर पलीकडचें, हा हिशेब सामान्य माणसालाहि सहज उमगतो. समुद्राचें तसें नाहीं. पाण्यावर खूण टिकत नाहीं; आणि पाण्यावरून जाणारें प्रत्येक जहाज आपल्या देशाचें निशाण व त्या निशाणाबरोबर आपल्या देशाचा कायदा सोबत घेऊन चाललेलें असतें. अशा परक्या जहाजावर, दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनीं दिसेल इतक्या अंतरावर, एखादा गुन्हा घडला तर अपराध्याला कोणीं पकडावयाचें, आणि न्याय कोणीं करावयाचा? प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु एके काळीं इंग्लंडमधील तेरा श्रेष्ठ न्यायाधीश एकत्र बसले असतां त्यांचें या प्रश्नावर एकमत होऊं शकलें नाहीं. तो खटला प्रथम पाहणें इष्ट होय, कारण या विषयांतील पुढचा बहुतेक सारा कायदा त्याच्याच अनुषंगानें समजतो.

ता. १७ फेब्रुवारी १८७६ रोजीं ‘स्ट्रॅथक्लाइड’ नांवाची एक ब्रिटिश आगबोट लंडनहून मुंबईकडे येण्यास निघाली होती. डोव्हर बंदराच्या समोर ती आली असतां हँबुर्गहून वेस्ट इंडीजकडे निघालेली ‘फ्रँकोनिया’ नांवाची जर्मन आगबोट तिच्यावर आदळली. स्ट्रॅथक्लाइड बुडाली आणि तिच्यावरील ३८ माणसें प्राणांस मुकलीं. ही टक्कर झाली ती जागा डोव्हरच्या धक्क्याच्या टोंकापासून दोन मैलांहून कमी, व डोव्हरच्या किनाऱ्यापासून अडीच मैलांच्या आंत होती. फ्रँकोनियाचा कप्तान फर्डिनांड काइन हा जर्मन प्रजाजन होता. बुडालेल्या एका स्त्री-प्रवाशाच्या मृत्यूबद्दल त्याच्यावर लंडनच्या मध्यवर्ती फौजदारी न्यायालयांत सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. त्याच्या निष्काळजीपणामुळेंच हा अनर्थ घडला, असा ज्यूरीनें निर्णय दिला व तो दोषी ठरला.

येथपर्यंत सारें सरळ दिसतें. परंतु कप्तानाच्या वकिलांनीं एक मूलभूत आक्षेप घेतला. हा मनुष्य परदेशी आहे. तो परदेशी जहाजावर होता. तें जहाज एका परक्या बंदराहून दुसऱ्या परक्या बंदराकडे चाललें होतें. अशा माणसाच्या कृत्याचा न्याय करण्याचा इंग्लंडच्या न्यायालयाला अधिकारच कोठला? हा प्रश्न पुढें राखीव फौजदारी प्रश्नांचा निकाल करणाऱ्या न्यायालयापुढें आला.

सरकारपक्षाचें म्हणणें ऐकावयास भक्कम होतें. किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंतचा समुद्र हा त्या त्या देशाचा, असें युरोपांतील राष्ट्रें दीर्घकाळ मानीत आलीं होतीं. डच पंडित बिंकर्सहूक यानें १७०२ सालींच असें प्रतिपादिलें होतें कीं, जेथपर्यंत शस्त्राचा मारा पोंचतो तेथपर्यंत भूमीची सत्ता पोंचते. तोफेचा गोळा किनाऱ्यावरून जेथवर जाईल तेथवर राजाचा अंमल, असा त्याचा अर्थ; आणि पुढें त्या अंतराचें माप तीन मैल असें रूढ झालें. टक्कर तर अडीच मैलांच्या आंतच झाली होती. मग ती इंग्लंडच्या भूमीवर घडल्यासारखीच नव्हे काय?

दुसराहि एक युक्तिवाद होता. मेलेली स्त्री ब्रिटिश जहाजावर होती. टकरीचा आघात त्या जहाजावर झाला, त्याचा परिणाम त्या जहाजावर झाला. तेव्हां गुन्हा ब्रिटिश जहाजावरच घडला असें कां मानूं नये?

तेरांपैकीं सहा न्यायाधीशांना यांतील एक ना एक म्हणणें पटलें. लॉर्ड कोलरिज हे त्यांतील प्रमुख. किनाऱ्यालगतचा हा समुद्र राज्याचाच भाग आहे, आणि राज्याच्या भागांत राज्याचा कायदा चालतो, अशी त्यांची भूमिका होती. परंतु उरलेल्या सात जणांनीं, सरन्यायाधीश कॉकबर्न यांच्यासह, उलट मत दिलें. त्यांचा विचार असा कीं, इंग्लंडच्या सामान्य न्यायालयांचा अधिकार ओहोटीच्या रेषेपाशीं संपतो. त्यापलीकडच्या समुद्रावरील गुन्ह्यांचा अधिकार पूर्वीं आरमारप्रमुखाकडे, म्हणजे अ‍ॅडमिरलकडे असे, व तोच पुढें कायद्यानें या न्यायालयांकडे आला. पण अ‍ॅडमिरलनें परक्या जहाजावरील परक्या माणसाचा असा न्याय केल्याचा आधार सांपडत नाहीं. जें अ‍ॅडमिरलजवळ नव्हतें तें त्याच्या वारसांना कोठून मिळणार? राष्ट्राराष्ट्रांमध्यें तीन मैलांची समजूत असली, तरी त्या समजुतीचा अर्थ एवढाच कीं पार्लमेंटनें मनांत आणलें तर तसा कायदा करावा आणि इतर राष्ट्रांनीं त्याबद्दल तक्रार करूं नये. पार्लमेंटनें तर तसा कायदा केलेला नव्हता. आणि न्यायाधीशांनीं आपल्या लेखणीनें नवा गुन्हेगारी कायदा निर्माण करणें हें त्यांचें काम नव्हे.

सात विरुद्ध सहा अशा एका मताच्या फरकानें नोव्हेंबर १८७६ मध्यें कप्तान सुटला. ३८ माणसें बुडालीं, ज्यूरीनें दोष सिद्ध मानला, आणि तरीहि शिक्षा झाली नाहीं. लोकांना हा निकाल चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाहीं. तथापि शांतपणें पाहिल्यास त्यांत एक मोठें तत्त्व आहे. एखाद्या भूभागावर किंवा जलभागावर राज्याची सत्ता असणें ही एक गोष्ट, आणि तेथें घडलेल्या कृत्याबद्दल अमुक माणसाला अमुक न्यायालयापुढें उभें करण्याचा अधिकार असणें ही दुसरी गोष्ट. पहिलीवरून दुसरी आपोआप येत नाहीं. मधल्या अंतरावर कायद्याच्या स्पष्ट शब्दांचा पूल असावा लागतो. तो पूल नसेल, तर अपराध कितीहि उघड असला तरी न्यायाधीशाचे हात बांधलेलेच राहतात.

याच सुमारास, किंबहुना पांच वर्षें आधीं, समुद्रावरील गुन्ह्याचा एक लहानसा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें आला होता. १८७१ सालचा हा खटला कास्त्या रामा या आरोपीच्या नांवानें कायद्याच्या ग्रंथांतून प्रसिद्ध आहे. एका गांवच्या लोकांनीं समुद्रांत मासेमारीसाठीं खुंट रोवले होते. ते दुसऱ्या गांवच्या लोकांनीं उपटून नेले. जागा किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आंतली, पण ओहोटीच्या रेषेच्या पलीकडची. आपल्याकडील कोळी बांधव समुद्राच्या तळांत लांब खांब ठोकून त्यांना जाळीं बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीनें मासे त्या जाळ्यांत शिरतात. असा खांब रोवणें म्हणजे कित्येक माणसांचे श्रम, आणि तो उपटणें म्हणजे एका कुटुंबाच्या हंगामावर घाला. मुंबईच्या न्यायालयानें हें कृत्य भारतीय दंडसंहितेखालीं ‘आगळीक’ म्हणून शिक्षेस पात्र ठरविलें. समुद्राच्या त्या पट्ट्यांत दंडसंहितेचा अंमल चालतो, हें त्यानें मान्य केलें.

या दोन निकालांत वरवर विरोध भासतो, पण दोहोंतला फरकहि ध्यानांत घ्यावयास हवा. मुंबईच्या खटल्यांतील आरोपी येथलेच प्रजाजन होते. परक्या निशाणाचा प्रश्नच तेथें नव्हता. समुद्र तोच तीन मैलांचा. परंतु त्यावर तरंगणारी वस्तु स्वकीय कीं परकीय, यावरून प्रश्नाचें स्वरूप पालटतें.

फ्रँकोनियाच्या निकालानें जी उणीव उघडी पडली ती ब्रिटिश पार्लमेंटनें १८७८ सालीं प्रादेशिक समुद्राच्या अधिकाराचा कायदा करून भरून काढली. ओहोटीच्या रेषेपासून एक सागरी लीग, म्हणजे तीन सागरी मैल, एवढ्या पाण्यांत कोणीहि, मग तो ब्रिटिश प्रजाजन असो वा नसो, आणि परक्या जहाजावरूनहि, गुन्हा केला तर तो अ‍ॅडमिरलच्या अधिकारांतील गुन्हा समजावा, असें त्यांत ठरलें. गमतीची गोष्ट अशी कीं, हा अधिकार पूर्वींपासूनच आहे व नेहमींच होता, असें कायद्याच्या प्रस्तावनेंत लिहिलें गेलें. सात न्यायाधीशांनीं जें नाहीं म्हटलें होतें तें पार्लमेंटनें ‘होतेंच’ म्हणून जाहीर केलें!

पण त्याच कायद्यांत आणखी एक कलम घालण्यांत आलें, आणि तें अधिक विचार करण्यासारखें आहे. परदेशी माणसावर असा खटला भरावयाचा असेल तर इंग्लंडांत मंत्र्याची, आणि साम्राज्याच्या इतर मुलुखांत तेथील गव्हर्नराची किंवा गव्हर्नर-जनरलची पूर्वसंमति हवी. न्यायालयाला अधिकार दिला, पण त्याच्या दाराला कडी लावून ती सरकारच्या हातीं ठेवली. असें कां? कारण परक्या जहाजावरील माणसाला पकडणें ही केवळ पोलिसी बाब राहत नाहीं. त्या कृत्याचे पडसाद दुसऱ्या राष्ट्राच्या राजधानींत उमटतात. एखाद्या बंदरांतील उत्साही अधिकाऱ्यानें क्षुल्लक मारामारीबद्दल जहाज अडवून धरलें, तर उद्यां आपलीं जहाजेंहि परक्या बंदरांत तशींच अडकून पडतील. समुद्रावरील व्यवहार परस्परांच्या विश्वासावर चालतो.

हा विश्वास किती ताणावा याची कसोटी जहाज प्रत्यक्ष बंदरांत उभें असतां लागते. १८८६ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या धक्क्यास ‘नूर्डलँड’ हें बेल्जियन जहाज लागलें होतें. जहाजाच्या पोटांत एका बेल्जियन खलाशानें दुसऱ्या बेल्जियन खलाशाला भोंसकून ठार केलें. मारणारा बेल्जियन, मरणारा बेल्जियन, जहाज बेल्जियन. धक्क्यावरील कोणाला ओरखडाहि उमटला नव्हता. बेल्जियमच्या कॉन्सलनें दोन देशांमधील तहाचा आधार घेऊन आरोपीची मागणी केली. जहाजावरील अंतर्गत व्यवस्था कॉन्सलनें पाहावी, असें त्या तहांत होतें. मात्र किनाऱ्यावरील शांततेचा भंग झाल्यास स्थानिक अधिकाऱ्यांना हात घालण्याची मोकळीक होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८८७ सालीं निकाल दिला कीं, शिस्तभंग, बाचाबाची, किरकोळ मारामारी हा जहाजाचा घरगुती मामला होय. परंतु खून हा तसा नव्हे. खुनाची वार्ता जेथें पोंचते तेथील समाजाचें मन अस्वस्थ होतें. म्हणून तो बंदराच्या शांततेचा भंगच आहे. आरोपी न्यू जर्सीच्या ताब्यांत राहिला.

आतांपर्यंतच्या हकीगतींतून दोन सूत्रें हातीं येतात. एक, किनाऱ्याच्या राज्याला सत्ता आहे. दुसरें, त्यानें ती संयमानें वापरावी. १९८२ सालीं झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारांत हीं दोन्हीं सूत्रें एकत्र गुंफलेलीं आढळतात. त्या करारानें प्रादेशिक समुद्राची मर्यादा जास्तींत जास्त बारा सागरी मैल ठरविली, आणि सर्व राष्ट्रांच्या जहाजांना त्यांतून निरुपद्रवी रीतीनें जाण्याचा हक्क दिला. अशा रीतीनें नुसत्या वाटेनें जाणाऱ्या परक्या जहाजावर प्रवासांत गुन्हा घडला, तर किनाऱ्याच्या राज्यानें त्या जहाजावर चढून कोणास अटक करूं नये किंवा तपास करूं नये, हा सामान्य नियम. त्याला चार अपवाद आहेत. गुन्ह्याचे परिणाम किनाऱ्याच्या देशापर्यंत पोंचत असतील तर; त्या देशाची शांतता किंवा समुद्रांतील सुव्यवस्था बिघडत असेल तर; जहाजाच्या कप्तानानें किंवा त्याच्या देशाच्या वकिलानें स्वतःच मदत मागितली तर; आणि अमली पदार्थांचा चोरटा व्यापार रोखण्यासाठीं आवश्यक असेल तर.

याखेरीज आणखी दोन भेद ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. जहाज त्या देशाच्या बंदरांतून निघून बाहेर चाललें असेल, तर किनाऱ्याच्या राज्याला अटकेची व तपासाची पूर्ण मोकळीक राहते. कारण जो घरांत येऊन गेला त्याच्याशीं यजमानाचें नातें, रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूशीं असतें त्याहून वेगळें असतें. उलट, गुन्हा प्रादेशिक समुद्राच्या बाहेर आधींच घडलेला असेल, आणि जहाज बंदरांत न शिरतां केवळ पुढें जात असेल, तर कांहीं ठराविक बाबी सोडल्यास त्याला अडवितां येत नाहीं. युद्धनौकांची गोष्ट तर सर्वस्वीं निराळी. त्यांना परक्या न्यायालयाचा हात लागत नाहीं. फार तर त्यांना समुद्राबाहेर निघून जाण्यास सांगतां येतें. शिवाय जेथें अधिकार आहे तेथेंहि, अटक करावी कीं नाहीं व कशी करावी हें ठरवितांना, जलवाहतुकीच्या सोयीचा योग्य विचार करावा, असेंहि करार सांगतो. कारण थांबलेल्या जहाजावर निरपराध खलाशी असतात, नाशवंत माल असतो, आणि पलीकडच्या बंदरांत कोणीतरी वाट पाहत असतें.

भारताच्या समुद्राची मर्यादाहि या काळांत वाढत गेली. ब्रिटिश अमदानींत ती तीन मैल होती. १९५६ सालीं ती सहा सागरी मैल झाली आणि १९६७ सालीं बारा. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यानें या बारा मैलांना संसदेची मुद्रा मिळाली. त्या कायद्याखालील गुन्ह्यांचा खटला केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय भरतां येत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या त्या कडीची आठवण येथें कोणास झाल्यास तें अस्थानीं होणार नाहीं.

अधिकार स्पष्ट असला म्हणजे काम किती सरळ होतें, याचें उदाहरण मुंबईनें पाहिलें आहे. ता. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या दोन परकीय निशाणांच्या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, तिच्यावरील शेंकडों पेट्या समुद्रांत पडल्या, आणि तेलाचा तवंग किनाऱ्यापर्यंत व खारफुटीच्या वनापर्यंत पोंचला. मासेमारी कांहीं काळ थंडावली. पोलिसांनीं दोन्हीं जहाजांच्या कप्तानांविरुद्ध गुन्हे नोंदविले. डोव्हरसमोरच्या टकरीशीं हिचें साम्य उघड आहे. पण या वेळीं, पाणी कोणाचें, हा प्रश्न कोणास पडला नाहीं.

याच्या उलट चित्र केरळच्या किनाऱ्यासमोर दिसलें. ता. १५ फेब्रुवारी २०१२ रोजीं ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावर चांच्यांपासून रक्षणासाठीं नेमलेल्या इटालियन नौसैनिकांनीं ‘सेंट अँटनी’ या मासेमारी होडीवर गोळ्या झाडल्या. दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. ती जागा किनाऱ्यापासून सुमारें साडेवीस सागरी मैलांवर होती. म्हणजे बारा मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर. केरळच्या पोलिसांनीं जहाज कोचीनला आणवून दोन नौसैनिकांना अटक केली. पुढें भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १८ जानेवारी २०१३ रोजीं निर्णय दिला कीं, बारा मैलांपलीकडे राज्याच्या पोलिसांचा अधिकार चालत नाहीं. जो काय अधिकार असेल तो केंद्र सरकारचा, आणि त्यासाठीं विशेष न्यायालय नेमावें. प्रकरण तेथेंच थांबलें नाहीं. सागरी कराराखालीं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय लवादानें २०२० सालीं ठरविलें कीं, ते नौसैनिक आपल्या राज्याचें काम बजावीत असल्यामुळें भारतीय न्यायालयांना त्यांच्यावर खटला चालवितां येणार नाहीं. तथापि भारताच्या नौकानयनाच्या स्वातंत्र्याचा इटलीनें भंग केला आहे, म्हणून इटलीनें भरपाई द्यावी. दहा कोटि रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयानें १५ जून २०२१ रोजीं येथील कामकाज मिटविलें. दोन्हीं मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकीं चार कोटि, आणि होडीच्या मालकास दोन कोटि, अशी त्या रकमेची वांटणी झाली. दोषाचा निर्णय इटलीनें करावयाचा होता. तेथेंहि २०२२ सालीं रोमच्या न्यायाधीशानें तें प्रकरण बंद केलें.

म्हणजे पैसा मिळाला. पण गोळी झाडणें क्षम्य होतें कीं अपराध होता, याचा निवाडा साक्षीपुराव्यानिशीं खुल्या न्यायालयांत कोठेंच झाला नाहीं. फ्रँकोनियाच्या खटल्यांत निदान ज्यूरीनें पुरावा ऐकून आपलें मत दिलें होतें. येथें तेवढेंहि घडलें नाहीं.

या साऱ्यांतून निघणारा निष्कर्ष कोणत्याहि एका राष्ट्राच्या बाजूचा किंवा विरुद्धचा नाहीं. किनाऱ्याच्या राज्याला परक्या जहाजावर अमर्याद सत्ता द्यावी, तर समुद्रमार्ग संकटांचे होतील आणि दूरच्या बंदरांत राबणाऱ्या सामान्य खलाशाला कोणी वाली उरणार नाहीं. सारा अधिकार निशाणाच्या राज्याकडे सोंपवावा, तर ज्यांचे जीव गेले त्यांच्या आप्तांना हजारों मैल दूरच्या, परक्या भाषेंतल्या न्यायालयाच्या दयेवर अवलंबून राहावें लागेल. यांतून मार्ग एकच. गुन्हा घडण्यापूर्वींच, शांत चित्तानें, कोणता अपराध कोणत्या पाण्यांत कोणाच्या न्यायालयांत जाईल हें कायद्यानें स्पष्ट लिहून ठेवावें. आणि जो देश आपल्याकडे खटला घेतो किंवा आपल्या माणसांना परक्या न्यायालयापासून सोडवून नेतो, त्यानें तो खटला खरोखर चालवावा. न्यायाधिकार हा राष्ट्राच्या मानाचा विषय आहे खरा. पण त्याहून आधीं तो, ज्याचें माणूस समुद्रावरून परत आलें नाहीं, त्याला उत्तर देण्याच्या जबाबदारीचा विषय आहे.